तीन शिरांचं झुडूप

"माझ्या चुलीवर पानं वाळवायची, मग सूप काय मी डोक्यावर शिजवू?" घरमालकीण दोन्या एउलालिया पातेलं आपटत पुटपुटल्या. पुटपुटणं असं की, शेजारच्या खोलीत नव्या झुडपाचं शास्त्रीय वर्णन लिहीत बसलेल्या नेलिदाला शब्द न् शब्द ऐकू यावा.

"एकच तर फांदी आहे, दोन्या. वाळली की चूल तुमची."

"ती वाळेपर्यंत मी वाळेन, पोरी."

तेही खोटं नव्हतं. वर्तमानपत्राच्या घडीत घालून, पुठ्ठ्यांमध्ये आवळून चुलीवर टांगलेली ती फांदी अजून कोवळीच होती. बाकीचे नमुने कुरकुरीत झाले. हिची पानं हाताला गार लागत. पण सदा धुक्यात भिजलेल्या या डोंगरी जंगलात मोजेसुद्धा वाळत नाहीत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

नेलिदाला घाई होती. गावामागचा कडा तांब्याच्या खाणीसाठी फोडायचं ठरलं होतं. ही फांदी ज्यांची, ती तिथली मूठभर झुडपं जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, असं छापून आलं तर न्यायालय काम थांबवणार होतं. तिच्या वडिलांना त्याच कड्याच्या पोटाशी पुरलं होतं. ती हट्टानं लिहीत होती: माणसाच्या उंचीचं झुडूप. पानं समोरासमोर, प्रत्येकावर तीन ठळक शिरा. पानाखाली गंजाच्या रंगाची लव.

मग एका सकाळी गुरांच्या कुंपणापाशी तसलंच एक झुडूप दिसलं. नेलिदानं सोबतच्या मदतनीस फाउस्तोला आनंदानं मिठीच मारली. "पसारा इथवर आहे! म्हणजे पायथाही वाचला!"

फाउस्तो हसला नाही. एरवी तिच्या प्रत्येक झुडपाला 'आमचे जावईबापू' म्हणणारा हा माणूस. झुडपाची एक फांदी तिरकी कापलेली होती.

"गाईनं खाल्ली असेल," तो म्हणाला.

गाय कात्रीनं खात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं दुसऱ्या जागेची नोंद केली आणि विषय बदलला.

पुढच्या खेपेला ते ओढ्याकाठी होतं. कुंपणापाशी काही नव्हतं. नमुना घेताना नेलिदा खोडाला लाल फीत बांधायची. ती फीत या खोडावरही होती.

"फिती काय, कुणीही बांधतं," फाउस्तो म्हणाला.

"हो ना," नेलिदा म्हणाली.

मग ते अंगणात आलं, धुण्याच्या दगडाशेजारी. दोन्यांनी कपड्यांची दोरी सोडून पडवीत बांधली.

"तिथं ऊन येत नाही," त्या म्हणाल्या. ऊन आठवडाभर कुठेच आलं नव्हतं.

नेलिदानं पेन खाली ठेवलं नाही. मूळ जागा कोणती, हे लिहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही, आणि तिच्या लेखी मूळ जागा कडाच होती. "वर जाऊन फोटो काढून आण," तिनं फाउस्तोला सांगितलं. तिचा गुडघा सुजला होता. "कड्यावर झुडपं आहेत एवढं दाखवलं की झालं. बाकीचं मी बघते."

तो गेला. तिनं चुलीवरचे पुठ्ठे उतरवून पट्टे सोडले.

फांदीला कागदातच फूल आलं होतं. पांढरं, कडेला जांभळं. पानं सपाट दाबलेली होती, तरी सगळी एका बाजूला वळलेली. अंगणाच्या बाजूला.

तिनं फुलाच्या पाकळ्या मोजल्या. वर्णनात लिहिल्या.

दोन्या सूप ढवळायचं विसरल्या होत्या.

भर दुपारी धुक्यातून फाउस्तो परतला. उंबऱ्यातच बसला. कॅमेरा गळ्यात तसाच होता.

"काढलेस?"

"वर एकही नाही."

"उपटली असतील. खाणवाल्यांनी."

"खड्डा नाही. शेवाळ सलग आहे."

"मग गुरांनी..."

"नेलिदा." त्यानं तिला पहिल्यांदाच थट्टेशिवाय हाक मारली.

दोन्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

"खाली येताना मी त्यांच्यामधूनच आलो," तो म्हणाला. "ती चालतायत. सगळी."