पाचशे टक्क्यांच्या पुढे

वर्डमध्ये फाइल उघडली की खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक आकडा दिसतो. पानावरची अक्षरं किती मोठी करून दाखवली आहेत, ते सांगणारा. बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही.

माझं रोज जातं.

हे माझ्याच घरात घडलं आहे. पिंपळवंडीच्या शिवारात, गेल्या दिवाळीनंतर. मी निवृत्तीपर्यंत रसायनशास्त्र शिकवत होते. जे दिसलं, ऐकलं, तेवढंच लिहिते.

मी एका क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. माझे पती नवनाथ शेजारच्या खुर्चीत बसून चुका काढायचे. पुढे त्यांना काचबिंदू झाला. क्लासकडून येणारी प्रत्येक फाइल शंभर टक्क्यांवर उघडायची आणि ते म्हणायचे, "अगं, मुंग्या दाखवतेस का मला?"

म्हणून मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे वर्डला एकदाच लिहून दिलेली सूचना. कोणतीही फाइल उघडा, अक्षरं आपोआप दीडशे टक्के. त्यांची नजर उतरत गेली, तसा मी त्यातला आकडा वाढवत गेले. दोनशे. मग तीनशे.

आकडा तीनशेवर असताना ते गेले.

आमची मुलगी प्रतीक्षा मला पुण्याला बोलावत होती. "आई, दिवस मावळला की बिबट्या अंगणात येतो, आणि तू एकटी. घर विकून टाकू." मी दर वेळी "बघते" म्हणायचे.

एका संध्याकाळी मी तो मॅक्रो काढून टाकला. फाइल शंभरवर उघडली. पान पूर्ण दिसलं. खोली मात्र फार मोठी वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी फाइल उघडली...

दीडशे.

मॅक्रोंची यादी पाहिली. रिकामी. फाइलनेच जुना आकडा लक्षात ठेवला असेल, असं वाटलं. म्हणून नवी कोरी फाइल घेतली.

तीही दीडशे.

काही दिवसांनी दोनशे. मग तीनशे. मी वाढवले होते, त्याच क्रमाने. तिथे थांबेल, अशी माझी समजूत होती. त्यापुढचा आकडा मी कधी लिहिलाच नव्हता.

एके दिवशी उघडलं... साडेतीनशे.

कुणाची तरी नजर अजून उतरत होती.

शेजारच्या फुलाबाई दूध घालायला आल्या. "बाई, मोठा टीव्ही आणला व्हय? काल सांजंला रस्त्यावरनं खिडकीत अक्षरं दिसत व्हती. ह्यो येवढाला 'क'! मला बी वाचता आला. म्हातारपणी शाळंत घालता का काय मला?"

त्या हसल्या. मीही हसले.

पण आदल्या संध्याकाळी मी नारायणगावला होते. कॉम्प्युटर बंद करून गेले होते.

वर्ड पाचशे टक्क्यांच्या पुढे जात नाही. ज्या दिवशी आकडा तिथे पोचला, त्या दिवशी पडद्यावर ओळीतले दोन-चारच शब्द मावत होते. बाहेर उसाचं पान हलत नव्हतं. कुत्रीही गप्प.

शेजारच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासला... टेबलाच्या दिशेने.

मग पुन्हा.

खुर्ची टेबलाला टेकली. आता तिला याहून जवळ येता येत नव्हतं, आणि अक्षर याहून मोठं होत नव्हतं.

मी तिकडे पाहिलं नाही. मोठ्याने वाचायला लागले. "प्रश्न पहिला..."

मधेच टेबलावर बोट आपटल्याचा आवाज झाला. एकदाच. चूक सापडली की ते असंच करायचे.

मी फाइलमध्ये मागे जाऊन पाहिलं. तोच प्रश्न आधी एकदा येऊन गेला होता.

तो खोडला आणि पुढे वाचत राहिले.

तेव्हापासून रोज वाचते. ते आहेत की आणखी कुणी, मला माहीत नाही. पडताळून पाहायचा मार्ग सुचत नाही. वाचून झाल्यावर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मात्र मी अजून कधीच ऐकलेला नाही.

काल वाचत असतानाच प्रतीक्षाचा फोन आला.

"आई, घराला गिऱ्हाईक मिळालंय, उद्या विसार द्यायला येतंय. आता 'बघते' नको. हो की नाही, तेवढं सांग."

खोलीत काहीच हललं नाही. कुणीतरी ऐकत होतं.

"प्रतीक्षा," मी म्हणाले, "घर विकायचं नाही. मी येत नाही."