तपासणीपुरता हात

चष्म्याशिवाय ह्या माणसाला काय कप्पाळ दिसणार, या भरवशावर मी त्याच्यासमोर पेचकस हातात घेतला. एरवी बारीक स्क्रूचं काम मी गिऱ्हाईक गेल्यावरच करते. पण बाहेर धो धो पाऊस, माझ्या चष्म्याच्या दुकानात दुसरं कुणी नाही, आणि हा ओलाचिंब ढापण्या चष्म्याची निखळलेली काडी घेऊन समोर उभा.

"आत्ताच बसवून द्या हो. नाहीतर मी समोरच्या खांबाला जाऊन धडकेन."

एक स्क्रू पडला. दुसरा पडला. तिसरा तर चिमटीतच नाचायला लागला.

"कधीपासून होतंय हे?" त्यानं हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"हात."

अस्सा राग आला मला! "दिसतंय होय तुम्हाला? मग चष्मा कशाला हवाय?"

"दिसत नाहीये. ऐकू येतंय." तो हसला. "तुमचा पेचकस काचेवर ताल धरतोय."

"डॉक्टर आहात?"

"छे! मी नुसता ऐकतो. मेंदूचं ऑपरेशन चालू असताना आतल्या पेशींचा आवाज येतो यंत्रावर. तो ऐकून सांगायचं, बरोबर ठिकाणी पोचलो की नाही ते."

"थापा मारायला बरं दुकान सापडलं तुम्हाला," मी म्हटलं. पण मनातून मला ते खरं वाटलं होतं. कारण थाप मारणारा माणूस असा समोरच्याच्या हाताकडे कान लावून, इतक्या मायेनं बघत नाही… म्हणजे, बघत होता तो. चष्मा नसला तरी.

जाताना तो दवाखान्याचं नाव सांगून गेला. काडी शेवटी त्यानं स्वतःच बसवली, अगदी नाकाशी धरून, माझ्याच काउंटरवर! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमच्या घरात या थरथरीला नाव नव्हतं. 'आत्याचे हात' एवढंच म्हणायचे सगळे. आत्या चारचौघांत पाणीसुद्धा पीत नाही. घोटभर प्यायचं तरी दार लोटून, पेला दोन्ही हातांनी धरून. तिनं नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या, आणि हळूहळू बाहेर पडणंच सोडलं. माझा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा आईनं नुसतं आत्याकडे बघितलं. त्या नजरेनं माझी झोप उडाली ती उडालीच.

शेवटी मी त्याच्या दवाखान्यात गेले. गोळ्या झाल्या. गोळ्या बदलून झाल्या. उपयोग शून्य! मग दवाखान्यातल्या मोठ्या मॅडमनी, म्हणजे सर्जनबाईंनी, समोर बसवून सांगितलं, "कवटीला छोटंसं भोक पाडून एक बारीक तार आत सोडायची. तारेतून करंट दिला की थरथर थांबते. पण तू जागी असशील. तुझा हातच आम्हाला सांगणार, तार बरोबर बसली की नाही."

"जागी? अगं बाई!" आईनं पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर सांगितलं, तर आत्या मात्र ताडकन म्हणाली, "जाऊ दे तिला. माझ्या वेळी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

आणि ढापण्या? तो दवाखान्यातच होता की! स्क्रीनवर माझ्या डोक्याचे फोटो लावून बसलेला.

"हा तुमचा मेंदू."

"बराच सुरकुतलाय."

"छान आहे हो," तो म्हणाला आणि एकदम खोकला. "म्हणजे… फोटो छान आलेत."

"हां, फोटो," मी म्हटलं. कान का तापले कोण जाणे!

त्यानं एक रेघ दाखवली. रक्तवाहिन्या चुकवत चुकवत खोल जाणारी. "कॉम्प्युटर इथपर्यंत रस्ता दाखवतो. शेवटचा कणभर रस्ता आम्ही ऐकत ऐकत जातो."

"आणि रक्तवाहिनी नाही चुकली तर?"

खोटं बोलता आलं असतं त्याला, नाही बोलला. "म्हणून एकदाच जायचं असतं," तो म्हणाला. "जितक्यांदा तार आत-बाहेर, तितका धोका जास्त."

त्या दिवसापासून जिवाला एकच घोर लागला. एकदाच जायला हवं… एकाच फेरीत जमायला हवं.

ऑपरेशनआधी हाताच्या तपासण्या असायच्या. कागदावर चक्र काढा, पेला उचला, बोट नाकाला लावा. कधी सिस्टर घ्यायच्या, कधी तो. आता हे कसं सांगू… त्यानं मनगट धरलं ना, की माझ्या हाताला वेडच लागायचं. चक्र काढायला जावं तर कागदावर भूकंप! सिस्टरांनी धरलं की तोच हात पुष्कळ बरा.

मॅडमच्या कपाळावर आठ्या. "सिस्टरांकडे बरी, तुझ्याकडे वाईट? तपासतोस कसं रे तू?"

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मी खाली मान घालून बसले. काय सांगणार होते? तुमच्या माणसाचे हात उबदार आहेत म्हणून?

आणि उजाडला तो दिवस.

अर्ध्या डोक्यावरचे केस गेले. डोक्याभोवती कडं आवळलं, ते टेबलाला जखडलं. मान हलवायची सोय नाही. तोंडापुढे निळा पडदा. मग ड्रिल… तेवढ्या जागेपुरती भूल दिलेली, दुखलं काही नाही, पण तो आवाज दातांत, जबड्यात, पार छातीत घुमला. मी आईला हाक मारली वाटतं. बाहेर बसलेल्या आईला कशी ऐकू येणार!

"इथंच आहे मी," पडद्याआडून त्याचा आवाज आला. "आता तुम्हाला ऐकवतो. घाबरू नका."

नुसती खरखर. मग आणखी खरखर. आणि मग एकदम— तड तड… तड तड… तड तड… माझा हात जसा हलत होता, अगदी तस्साच.

"हीच जागा, मॅडम," तो म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता. "पेशी हाताच्या तालावर बोलतायत."

करंट सुरू झाला. सिस्टरांनी पडद्याच्या अलीकडे पेला दिला. मी उचलला… आणि पाणी हललं नाही. देवा! माझ्याच हातात पेला आणि पाणी नुसतं शांत! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आता तू बघ रे एकदा," मॅडम म्हणाल्या. "मला खात्री करू दे."

तो यंत्रावरून उठून आला. माझं मनगट धरलं. आणि हात… हात पुन्हा सुरू!

"थांबलेली की आत्ता!" सिस्टर म्हणाल्या.

त्यानं हात सोडला, पुन्हा धरला. पुन्हा तेच. मग मॅडमचा कोरडा आवाज आला, "जागा हुकली असणार. तार काढू या. शेजारून दुसऱ्यांदा जाऊ."

"मॅडम, मी नीट ऐकलंय," तो म्हणाला. "निदान… मला तरी तसं वाटलं."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुसऱ्यांदा! ती रेघ, त्या रक्तवाहिन्या… आणि तो आपल्याच कानांवर शंका घेतोय, माझ्यापायी! गप्प राहिले तर माझ्या डोक्यात पुन्हा तार जाणार. बोलले तर अब्रू जाणार, तीही सगळ्या स्टाफसमोर. गेली तर गेली!

"मॅडम, थांबा! तार काढू नका."

"काय होतंय? दुखतंय का?"

"नाही. जागा बरोबर आहे. यांचे कान बरोबर आहेत. ते… हात धरतात ना हे… म्हणून होतं."

"म्हणजे?"

"आता आणखी कसं सांगू!" मी रडवेली झाले. "मला आवडतात हे! यांनी हात धरला की धडधड होते, आणि धडधड झाली की हात थरथरतो. सिस्टर धरतात तेव्हा काही होतं का? सिस्टर, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

कुणीतरी मास्कमध्ये फिस्सकन हसलं. आणि तो? पडद्यामुळे त्याचा चेहरा दिसेना. वाटलं, भूल द्या मला. आत्ताच द्या.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" मॅडम म्हणाल्या. "डोकं उघडं टाकल्यावर?"

"आधी कुणी विचारलंच नाही."

"बरं." मॅडमनी मोठा श्वास घेतला. "भीती वाटली, आनंद झाला, कुणी आवडलं की थरथर वाढतेच या आजारात. पण मग करंटनं तेवढंही पेललं पाहिजे. बाहेर जाऊन काय ही जन्मभर कुणाचा हात धरणार नाही? थोडा वाढवा. अजून थोडा. हां. धर रे तिचा हात."

"मॅडम…"

"धर म्हणते ना!"

त्यानं धरला. यंत्रावर माझ्या काळजाची पिकपिक धावत सुटली. मी डोळे गच्च मिटले आणि वाट बघितली.

आणि मला जाणवलं. बोटांपासून मनगटापर्यंत, बारीक, न थांबणारी थरथर.

संपलं. नाही जमलं. मला आत्याचं लोटलेलं दार दिसलं, आणि दारापलीकडे बसलेली मी. "काढा तार," मी हुंदका देत म्हटलं. "जा दुसऱ्यांदा. अजून थरथरतोय."

"अगं वेडाबाई," मॅडम वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुझा हात दगडासारखा स्थिर आहे. थरथरतोय तो याचा."

मी डोळे उघडले. सिस्टरांनी पडदा जरासा बाजूला केला होता. खरंच! माझा हात निवांत पडलेला, आणि त्याच्याभोवती त्याची बोटं पानासारखी थरथरत होती. चष्म्यावर वाफ धरली होती, मास्कच्या वर कान लालबुंद.

"तार इथंच पक्की करा," मॅडमनी सांगितलं.

"मॅडम," तो घसा खाकरून म्हणाला, "यांच्या तपासण्या इथून पुढे दुसऱ्या कुणाकडे द्या. मला जमायचं नाही."

"का रे?"

"मला यांना तपासायचं नाहीये…" त्याचा आवाजही थरथरत होता. "भेटायचंय."

मान हलवता येत नव्हती, म्हणून मी मान डोलावू शकले नाही. मी माझी बोटं त्याच्या बोटांवर आवळली, आणि त्याची थरथर थांबेपर्यंत सोडली नाहीत.