धाग्याचं ओलं टोक

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणून निजामपुऱ्यातल्या बायकांची मुंबईची सहल शुक्रवारीच निघाली. सालेहाची लेक रमशा बसमध्ये चढल्यापासून बोलत होती. कशेळीचा पूल येईपर्यंत तिनं अख्ख्या बसची उलटतपासणी घेऊन टाकली. सालेहा वरवर दटावत होती, पण नवरा गेल्यापासून लेकीच्या त्या बडबडीवरच तिचे दिवस सरत होते.

चित्रं बघून झाली, जुनी भांडी बघून झाली. संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात एक हातमाग मांडला होता आणि त्यावर विणकरणीचा पुतळा बसवला होता. ओठ घट्ट मिटलेले, खांद्यांवर धूळ. मागावरचा एक धागा तुटून लोंबत होता.

आता सालेहाच्या घरची रीत अशी, की तुटलेला धागा दिसला तर गाठ मारल्याशिवाय पुढं जायचं नाही. रमशा चालायला लागली तेव्हापासून सालेहानंच तिला ही सवय लावलेली. त्यामुळं पोरगी मागापुढं बांधलेली दोरी ओलांडून आत शिरली तेव्हा आईला आधी कौतुकच वाटलं.

"अम्मी, टोक ओलं हाय," रमशा म्हणाली.

गाठ मारताना पीळ बसावा म्हणून विणकर धाग्याचं टोक जिभेवर ओलं करतात. पण इथं कोण करणार? सालेहा दोरीपाशी धावली.

"सोड ते! बाहेर ये आधी!"

पण गाठ मारून झाली होती.

रमशा बाहेर आली, आईकडं बघून हसली. बोलली मात्र काही नाही. दालनातून निघताना सालेहानं मागं वळून पाहिलं. विणकरणीचं तोंड अर्धवट उघडं होतं, कुणी बोलता बोलता थांबावं तसं. मघाशी मिटलेलं होतं ना?

परतीच्या बसमध्येही रमशा गप्पच.

"एसीनं घसा धरला असंल, भाभी," सहल काढणारी वळ गावची निशा म्हणाली. "सकाळी बोलंल बघा."

असेलही. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, मग हिची दिवसाढवळ्या कशी गेली? सालेहानं लेकीच्या खांद्यावरची धूळ झटकली. थोड्या वेळानं पाहिलं तर धूळ पुन्हा होतीच. तिला लेकीची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली.

घरी पोचल्यावर ती तडक घराखालच्या लूमच्या कारखान्यात गेली. बंद लूमवरचा एक धागा तिनं मुद्दाम तोडला आणि रमशाला हाक मारली. माझी रमशा असेल तर गाठ मारल्याशिवाय हिला राहवणार नाही.

रमशा आली. धाग्याकडं बघत उभी राहिली.

मग तिनं टोक उचललं, जिभेला लावलं आणि आईपुढं धरलं.

"अम्मी," कितीतरी वेळानं ती बोलली, "तू बांध."

नको, तिथंही टोक असंच ओलं होतं, सालेहा मनातल्या मनात किंचाळली.

पण सवयीचा हात. तो कधीच पुढं गेला होता, आणि ओलं टोक तिच्या बोटांना गार लागत होतं.