पेट्रोल उलटणारी व्हॅन

टक्.

ओट्यावर गार व्हायला ठेवलेल्या डब्याचं झाकण वाफेनं आपोआप उचललं गेलं आणि मी दचकले. भर दुपार. दोन्ही पोरं झोपलीत. एवढ्याशा आवाजालाही मी हल्ली दचकते... म्हणून आज लिहून टाकतेय. धाकटा उठेपर्यंत होईल तेवढं.

हे ऐकीव नाही. माझ्या घरात घडलंय, माझ्या हाताला लागलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

माझा नवरा लॉन्ड्रीची व्हॅन चालवतो. हॉटेलांच्या चादरी सकाळी आणायच्या, इस्त्री होऊन आल्या की संध्याकाळी पोचवायच्या. व्हॅन जुनी, कुणाकुणाकडून फिरत आमच्याकडे आलेली. चालायला गुणी. खोड एकच.

पेट्रोल भरलं की उलटून टाकायची.

काटा पार खाली असला तरी जरा भरलं की टाकीच्या तोंडातून भसकन बाहेर. पंपावरचा माणूस म्हणायचा, "दादा, गाडीला पाजताय की आंघोळ घालताय?"

नवरा हसण्यावारी न्यायचा. पण चादरींना वास लागायला लागला. एका हॉटेलनं अख्खी खेप परत पाठवली. आणि मागच्या सीटवर बऱ्याचदा माझी पोरं असायची... एक ठिणगी पुरे होती.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही चौघं गॅरेजात गेलो. मिस्त्रीनं टाकी उतरवून घेतली.

"वहिनी, पेट्रोल आत गेलं की आतली हवा बाहेर यायला हवी. त्यासाठी ही बारीक नळी. ती चोंदली की हवा पेट्रोललाच बाहेर ढकलते. तुमच्या धाकट्याचा ढेकर काढला नाही तर काय करतो तो?"

"दूध उलटतो."

"हां. तेच दुखणं आहे हिचं."

मुंगी, माझी चार वर्षांची, कान देऊन ऐकत होती.

त्यानं नळी नवीन घातली. टाकी धुतली, आत टॉर्च मारून पाहिलं. स्वच्छ होती. मग मला टाकीच्या तोंडावर तळवा धरायला सांगून त्यानं नळीत फुंकर घातली.

"येतेय हवा?"

"येतेय."

"म्हणजे रस्ता मोकळा आहे."

...

"अजून येतेय," मी म्हणाले.

मी वर पाहिलं. नळी त्यानं कधीच सोडून दिली होती. तो फडक्याला हात पुसत होता.

माझ्या तळव्यावर हवा येत होती... थांबत होती... आत ओढली जात होती. परत येत होती.

ऊबदार. इवली इवली. धाकटा खांद्यावर झोपला की मानेला लागते, तशी.

आणि वास पेट्रोलचा नव्हता. आंबूस होता. दुधाचा.

मी हात काढून घेतला. मिस्त्रीनं आपला ठेवला. जरा वेळानं तो पँटला पुसला आणि टाकी परत चढवली.

"नळीचं काम नाही हे," एवढंच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

तिथून थेट पंपावर गेलो. भरायला घेतलं, आणि पुन्हा भसकन.

तेवढ्यात मुंगी दार सरकवून खाली उतरली. टाकीजवळच्या पत्र्याला गाल टेकवून थोपटायला लागली. मी धाकट्याला थोपटते तसं, पोकळ हातानं.

"मुंगे, इकडे ये आधी."

"थांब ना आई. अडकलाय त्याचा."

थप्... थप्... थप्...

आतून आवाज आला.

बारीकसा. ढेकराचा.

पंपावरच्या माणसानंही तो ऐकला. टाकी गळ्यापर्यंत भरली. एक थेंब सांडला नाही.

त्यानंतर नवरा पंपावर जाताना मुंगीला घेऊन जायला लागला. एकदा एकटा गेला, तर पेट्रोल डोळ्यांत उडालं.

"दोन मिनिटांचं तर काम असतं," तो म्हणायचा. "थोपटते आणि येते. तुझं आपलं काहीतरीच."

मीही गप्प बसले. घर त्या व्हॅनवरच चालतं.

मग मुंगी न सांगताच खाली जाऊन गाडीत बसायला लागली. धाकट्याचं दुपटं घेऊन. विचारलं तर म्हणायची, "रडत होतं ते."

परवा ती दिसेना. घर, जिना, शेजार, सगळं पालथं घातलं. सापडली ती व्हॅनमध्ये. काचा बंद, दार आतून लावलेलं, आत पेट्रोलचा डोकं भणाणणारा वास. नवऱ्यानं काच फोडून तिला बाहेर काढलं. शुद्ध नव्हती तिला...

हात मात्र हलत होता. थप्... थप्...

ती शुद्धीवर आल्यावर मी म्हणाले, "ही गाडी आता दारात नको."

"आणि खायचं काय?" नवरा म्हणाला. मग मुंगीकडे बघितलं आणि स्वतःच फोन लावला.

उद्या घेणारा येतोय. त्याला काय सांगावं, कळत नाही. त्याच्याही घरी लहान मूल आहे म्हणे.

आज सकाळी मुंगीला सांगितलं. मला वाटलं, आकांत करेल. रडली नाही. झोपलेल्या धाकट्याकडे बघत बराच वेळ विचार करत बसली.

मग हळूच विचारलं,

"आई... गाडीतल्या बाळाच्या आईनं पण त्याला आत ठेवूनच गाडी विकून टाकली होती का?"