शानी विकायची नाही

केकचा शेवटचा घास हेलेदने तोंडाशी नेला, पण तो तिच्या तोंडात गेलाच नाही. गाडीच्या उघड्या खिडकीतून एक केसाळ थोबाड आत आलं, त्याने तिच्या हातातला बेदाण्यांचा केक अलगद उचलला आणि ते तिच्याकडे बघत सावकाश चघळायला लागलं.

एप्रिलची झिमझिम, डोंगरातला जेमतेम एक गाडी मावेल असा रस्ता, आणि पुढे-मागे पोनींचा कळप. हेलेदने खरं तर चिडायला हवं होतं... पण ती बघतच राहिली. चिमुकले कान, काळेभोर डोळे, रुंद कपाळ. चिखल आणि हिवाळ्याची लोकर यांच्या आत काय दडलंय ते ओळखायला ती लहानपणीच शिकली होती. अशीच शिंगी, तरुण घोडी, ती इतके दिवस शोधत होती.

"तिने काही घेतलं का तुमचं?" कुंपणावरून उडी मारून आलेल्या तरुणाने विचारलं. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि हसू आवरायचा त्याचा प्रयत्न साफ फसला होता.

"केक. शेवटचा होता."

"शेवटचाच घेते ती. नाव शानी. इथे केसाळ सुरवंटाला म्हणतात, त्यावरून ठेवलंय, दिसतंच आहे. मी ग्विओन."

"मी हेलेद. वर्षाची झाली ही?"

"मे महिन्यात होईल."

"विकणार?"

"नाही."

"इतक्या लगेच नाही? विचार करायचं नाटक तरी करा."

ग्विओन खिडकीशी वाकला. "प्रदर्शनासाठी हवीय ना? ऑगस्टमधल्या? तिथे तरुण घोड्यांच्या वर्गाला मीच परीक्षक आहे. पहिल्यांदाच बोलावलंय मला. परीक्षकाला लागते म्हणून आजोबांची गोल टोपी घासूनपुसून ठेवलीय. मी विकलेली घोडी रिंगणात आली, तर मला उठून बाहेर जावं लागेल."

हेलेदचा चेहरा पडला. तिला पुढचं वर्ष चालणार नव्हतं. तिच्या आईचे, मॅमचे, पोनी एके काळी या मुलखात नावाजलेले होते. मग मॅमच्या कमरेचं दुखणं निघालं, घोडे एकेक करून गेले, आणि तेव्हापासून तिने प्रदर्शनाच्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. 'दुसऱ्यांची घोडी बघायला मी कशाला येऊ?' एवढंच म्हणायची. यंदा आपली घोडी रिंगणात असेल, असा शब्द हेलेदने तिला दिला होता.

"दुसरी शोधून देतो," ग्विओन म्हणाला. तिचा पडलेला चेहरा त्याला बघवला नसावा. "शनिवारी काय करता?"

"झोपते. आठवडाभर दातांच्या डॉक्टरकडे राबते मी."

"छान. घोडीचे दात बघायला माणूस हवंच होतं."

दर शनिवारी त्याचा चिखलाने माखलेला ट्रक तिच्या दारात उभा राहू लागला. दोघं डोंगर पालथे घालत, पाऊस आला की ट्रकमध्ये बसून थर्मासच्या एकाच झाकणातून चहा पीत. 'तुम्ही'चं 'तू' कोणत्या वळणावर झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. घोडी मात्र काही केल्या पसंत पडेना. पडणार कशी... ग्विओनची नजर फारच बारीक होती.

"हिचे कान लांब आहेत," एका तांबूस शिंगीला बघून तो कुजबुजला.

"हळू का बोलतोयस?"

"लांब आहेत ना. ऐकेल ती."

नान्तगोचच्या शेतावर एक करडी शिंगी होती. हेलेदने तिला दोनदा पळवून पाहिलं.

"डावा पाय आत पडतो," ग्विओन म्हणाला, आणि बुटाचा चिखल काढायला खाली वाकला.

हेलेदने तिला तिसऱ्यांदा पळवायला लावलं. पायाकडे पाहिलं, मग वाकलेल्या ग्विओनकडे पाहिलं. "हं... पडतो खरा," ती म्हणाली.

घरी मॅम वाटच बघत असायची. "एवढ्या मोठ्या मुलखात एक शिंगी सापडत नाही? घोडी बघतेस की ट्रक चालवणारा?"

"मॅम, काहीतरीच काय."

"कान लाल झालेत तुझे," मॅम म्हणायची आणि पुन्हा विणायला घ्यायची.

जुलै आला. नावं द्यायची मुदत संपत आली. एका शनिवारी सकाळी मॅमने जुना पांढरा लगाम कपाटातून काढला, हातात घेऊन जरा वेळ बसली आणि परत ठेवून दिला. "राहू दे गं. जमेल पुढच्या वर्षी," ती हेलेदला म्हणाली. ट्रकमध्ये बसल्यावर ग्विओनला हे सांगताना हेलेदला रडू फुटलं. त्याने एक न वापरलेला हातमोजा तिच्या हातात दिला, रुमाल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रक. रविवारी. मागून उतरली ती शानी... लोकर झडून गेलेली, लोखंडी करड्या रंगाची, पाऊल असं टाकत होती की जमिनीला गुदगुल्या व्हाव्यात.

"आणि तुझी टोपी?" हेलेदने कसंबसं विचारलं.

"तिचं सोड. प्रदर्शनाच्या बेवनबाईंना सांगितलंय, दुसरा परीक्षक बघा म्हणून. घेणार ना?"

त्याने तळवा पुढे केला. इथे घोड्याचा सौदा टाळीवरच होतो. हेलेदने टाळी दिली. सौद्याला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ हात हातात राहिला. खिडकीतून मॅमने ते पाहिलं, आणि लगाम पुसायला घेतला.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी शानी रिंगणात उतरली आणि हेलेद भीतीने थिजली. पण शानीला भीती कसली ते माहीतच नव्हतं. मान उचलून, शेपूट हवेत सोडून ती अशी दौडली, की कठड्याशी खुर्ची टाकून बसलेली मॅम काठी विसरून उभी राहिली. नव्या परीक्षकाने शानीला दुसरा नंबर दिला. मॅमला ते पटलं नाही, आणि तिने ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं. आपली जुनी मॅम परत आली, हे कळून हेलेदचे डोळे भरून आले.

प्रदर्शनाचा सगळा कारभार बघणाऱ्या बेवनबाई दुसऱ्या नंबरची निळी फीत बांधायला आल्या. "बरं झालं बाई, पार पडलं एकदाचं. मे महिन्यात ग्विओन परीक्षक व्हायला नाही म्हणून गेला, तेव्हापासून दुसरा शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला माझा."

"मे महिन्यात?"

"म्हणाला, एका मुलीसमोर माझी नजर तटस्थ राहणार नाही," असं म्हणत बाई पुढच्या घोड्याकडे वळल्या.

ग्विओन शानीची आयाळ विंचरायला लागला. ती आधीच विंचरलेली होती.

"मग शानी मे महिन्यातच का नाही दिलीस?" हेलेदने विचारलं.

"दिली असती, तर शनिवार संपले असते." त्याचे कान लाल झाले. "तुझ्या आईचं मला माहीत नव्हतं गं. कळलं त्या रात्री झोपलो नाही."

"आणि नान्तगोचच्या करडीचा पाय?"

"सरळ होता... अगदी सरळ."

"माहीत होतं मला."

त्याने चमकून वर पाहिलं. "मग 'पडतो' का म्हणालीस?"

"मलाही शनिवार हवे होते. मॅमला सांगू नकोस, काठी आहे तिच्याकडे."

"मॅमने ऐकलंय," कठड्यापलीकडून आवाज आला. "चालू द्या."

ग्विओन हसला, पण मग एकदम गंभीर झाला. "मी परीक्षक असतो तर आज पहिल्या नंबरची लाल फीत मिळाली असती."

"पुढच्या वर्षी हो मग."

"नाही होता येणार. घरच्या माणसाची घोडी असली तर परीक्षकाला बसता येत नाही. नियमच आहे."

"आपण घरची माणसं कधी झालो?"

"तेच... तेच विचारायचं होतं तुला. पहिल्या शनिवारपासून."

हेलेदने तळवा पुढे केला, सौद्याला करतात तसा. ग्विओनने टाळी दिली आणि हात सोडला नाही. तेवढ्यात शानीने मान वळवून निळी फीत तोंडात घेतली आणि सावकाश चघळायला लागली; तिला थांबवायला दोघांचाही हात मोकळा नव्हता.