अक्काची गाळणी

सत्तरी उलटलेल्या प्रत्येकाची दरवर्षी ओंजळ मोजायची, हा कायदा होऊन वीस वर्षं झाली होती. ओंजळ म्हणजे मन एका वेळी किती गोष्टी धरून ठेवू शकतं त्याचं माप. शेगडीवरचं दूध, दारावरची बेल आणि हातातली गोळी, झाल्या तीन. माप दोनाच्या खाली गेलं की घरची शेगडी बंद आणि माणसाची रवानगी सांभाळघरात. कायदा मोठा प्रेमळ होता, फक्त म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ओंजळकेंद्राच्या प्रमुख डॉ. प्रतीक्षा घुगे त्या दिवशी सख्ख्या बहिणीचीच परीक्षा घेत होत्या. प्रतीक्षा अडुसष्ट वर्षांची, सत्यभामाअक्का शहात्तरची. गेल्या वर्षी अक्काची ओंजळ जेमतेम दोन भरली होती.

"मी आकडे सांगते, तू उलटे म्हण. सात, दोन, नऊ."

"नऊ..." अक्का थबकली. "भाईर कोन रडतंय गं?"

"अक्का, लक्ष दे!"

"देतेच की. पर ती बाई लई रडाया लागलीय."

प्रतीक्षाला काहीच ऐकू येत नव्हतं. चिडून तिने दार उघडलं. लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला, वळणाआड, एक बाई तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

परत येऊन तिने परीक्षेच्या वेळी उमटत असलेला अक्काच्या मेंदूचा आलेख पाहिला आणि तोंडात बोट घातलं. त्या क्षणी अक्काच्या मनात अकरा गोष्टी जाग्या होत्या. हुंदके, पंख्याची घरघर, प्रतीक्षाचा बसलेला घसा, कुणाच्या तरी डब्यातली शेपूची भाजी... आणि त्या गर्दीत बिचारे सात-दोन-नऊ चेंगरून गेले होते. म्हातारपणी ओंजळ गळते, असं प्रतीक्षा चाळीस वर्षं शिकवत आली होती. अक्काची तर ओसंडून वाहत होती!

संध्याकाळी भाकरी थापता थापता अक्काने विचारलं, "म्हंजी मी नापास का पास?"

"आकड्यांत नापास. मनाला एक गाळणी असते, अक्का. हातातल्या कामाचं तेवढं आत घेते, बाकीचं अडवते. वयाबरोबर ती फाटत जाते. शाळेत गेलेल्यांची जरा उशिरा फाटते, कारण ती तिथेच घट्ट विणली जाते. खिडकीबाहेर बघू नको, शेजारणीशी बोलू नको, फळ्याकडे बघ. पंधरा-वीस वर्षं हेच."

"आन् माझी?"

अक्का दुसरीत असताना आईबाप तिला शाळेतून काढून ऊसतोडीला घेऊन गेले होते, कारण आठ महिन्यांच्या प्रतीक्षाला कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, सांभाळायला कुणी नव्हतं. एक कान चुलीकडे, एक विंचूकाट्याकडे, एक झोळीतल्या पोरीकडे. माणसाला तीन कान नसतात, पण अक्काला होते. पुढे प्रतीक्षा वसतिगृहात राहून शिकली. अक्काला जोडाक्षरं लावता येत होती, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची.

"तुझी विणलीच गेली नाही," प्रतीक्षा म्हणाली. "मी विणून देऊ शकते. तीन आठवडे कानामागे पट्टी लावायची. पण एकदा विणली की उसवता येत नाही."

"काय काय गळंल?"

"बिनकामाचं."

"कामाचं कोन ठरवनार?"

"तू जे हातात घेशील, ते कामाचं."

अक्काने भाकरी उलटली. "मला एक अख्खं पान वाचायचंय बघ. मरायच्या आधी. लाव पट्टी."

तीन आठवड्यांनी अक्काने सात आकडे उलटे म्हटले. केंद्रात टाळ्या वाजल्या, सांभाळघर टळलं. प्रतीक्षाला मात्र ओढ होती घरी जायची.

घरी अक्काने पुस्तक उघडलं. नदी कशी डोंगर कापत जाते, असा धडा होता. बोट ठेवून तिने पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्यावर मोठ्याने हसली. "परतू, पयलं अजून हाय गं! जाग्यावर हाय!" तिचे डोळे भरून आले. सत्तर वर्षं अडलेली वाट मोकळी झाली होती. प्रतीक्षाही रडली. आपण जन्माला येऊन एवढं एक काम तरी नीट केलं, असं तिला वाटलं.

अक्का वाचत राहिली. प्रतीक्षा स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच कोरडी भाकरी खाऊ लागली, आणि तिला उचकी लागली.

तिची ही लहानपणापासूनची खोड. उसाच्या फडात शंभर पावलांवरून अक्काला ती उचकी ऐकू यायची. उसाच्या हिरव्या शेंड्यांचे वाढे बांधता बांधता ती ओरडायची, "परतू, कोन आठवन काढतंय गं? आज्जी? मामा? बोडख्याचा मुकादम?" नाव बरोबर लागलं की उचकी थांबायची. नंतरही जेवताना, फोनवर, अगदी गेल्या महिन्यापर्यंत हा प्रश्न कधी चुकला नव्हता. अक्काला कधी उचकी लागत होती का, हे प्रतीक्षाला आठवेना. तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

दुसरी उचकी आली, तिसरी आली. प्रतीक्षा दारात जाऊन उभी राहिली. चार हातांवर अक्का बसली होती, चेहरा उजळलेला, बोट ओळीवर. तिने शांतपणे पान उलटलं.

प्रतीक्षाने स्वतःच नावं घ्यायला सुरुवात केली. आजी. मामा. आई. मग जरा थांबून, हळूच, "अक्का."

उचकी थांबली नाही.