प्लास्टर सुकेपर्यंत

ज्यांना हसायचं हाय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी, बनुबाई, जे सांगतेय ते माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलंय. माझी भाची लिहून घेतेय.

एकोणीसशे साठ साल. पौष महिना. महाडातला एक दवाखाना... आणि दिवेलागणीची वेळ.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. गवताचा भारा घेऊन उतरताना मी घसरले आणि नडगीचं हाड मोडलं. वाडीतल्या चौघांनी मला डोलीतून, मग एसटीने महाडला आणलं. शेवटची गाडी चुकेल म्हणून ते परत गेले.

मी एकटीच राहिले. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. सोबतीला कोण येणार?

डॉक्टरांनी पायाला कापूस गुंडाळला, वर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. म्हणाले, "बाई, हे घट्ट होईपर्यंत पाय हलला तर हाड वाकडं जुळेल. मग डोंगर चढायचं विसरा."

डोंगर विसरायचा म्हणजे घरच विसरायचं की. माझा दीर येसाजी टपलाच होता, म्हैस विकून मला मुंबईला न्यायला. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात पडून राहायचं? त्यापेक्षा मेलेली बरी.

पण पाय काही माझं ऐकेना. थरथरत होता.

"महिपत, पाय धर," डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले आणि बाहेरचा पेशंट बघायला गेले.

आता परका बाप्या पाय धरणार. मी पदर तोंडावर ओढून घेतला. आमच्यात बायकांची रीतच तशी.

पाय धरला गेला. घोट्याच्या वर, दोन्ही हातांनी.

थरथर थांबली.

प्लास्टर तापायला लागलं. घट्ट होताना तापतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. चुलीच्या तोंडाशी पाय ठेवावा तसं.

पण हात होते तिथे... गार होतं.

बाहेरची बोलणी थांबली. खोलीत आवाज नाय. पाय धरलेल्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मला शांतता सोसत नाय. मी बोलायला लागले. "महिपत, दमलास तर सांग हो बाबा."

पकड जरा घट्ट झाली.

मग काय, माझी गाडी सुटली. वाडीच्या टोकाचं घर. पुढे आंबा, मागे रान. दाराला कडीसुद्धा धड नाय. दिवस दिवस माणसाशी बोलणं होत नाय, म्हशीशी बोलते. मालक मुंबईला गेले ते तिकडेच वारले, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाय. सगळं सांगितलं. रडले पण.

तेव्हा एक अंगठा माझ्या पायावरून हळूच फिरला... ओल्या पट्टीवरून नाय. आत, कातडीवरून.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मावशी, कोणाशी बोलताय?"

महिपत होता. दारात. हातात कंदील.

आणि माझा पाय... अजून धरलेला होता.

मी पदर ओढून काढला. पायाशी कोण नाय. नुसती वाळूची पिशवी.

"मी पाय पिशवीला टेकवून तेव्हाच गेलो ना तेल आणायला," महिपत म्हणाला. "तुम्ही तोंड झाकलेलं. वाटलं, झोप लागली."

डॉक्टरांनी प्लास्टरवर बोट वाजवून बघितलं. वरून गुळगुळीत. म्हणाले, "छान बसलंय."

दीड महिन्याने ते कापलं. डॉक्टर आतली बाजू बघत राहिले. आतून बोटं उमटलेली होती. दोन्ही हातांची.

"कापसाच्या घड्या," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

हाड सरळ जुळलं. मी डोंगर चढले. माझ्या घरात हाय.

वाडी म्हणते, मालकच आले होते, नशीबवान गो तू. असेल. पण मला कसं कळावं? ते वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायची आमच्यात रीत नाय. त्यांचे हात पायाला कसे लागतात, मला ठाऊकच नाय.

ते असतील, तर मी त्यांना परका समजून बोलले. सहा वर्षांनी भेट झाली, आणि मी ओळखलं नाय.

आणि ते नसतील तर...

तर मी एकटी कुठे राहते, ते मी त्याला सगळं सांगून बसलेय.